लार्सन आडनाव: कुठून आलं, किती जणांचं, आणि सगळे लार्सन भाऊबंद का नाहीत

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या मुलीचं लग्न डेन्मार्कमधल्या ऑरहूस शहरातल्या एका लार्सन कुटुंबात ठरलं आहे. त्या विचारतात: "लार्सन म्हटलं की आम्हाला एल अँड टी आठवते. हे त्याच घराण्यातले असतील का? डेन्मार्कमध्ये लार्सन आहेत तरी किती? त्यांची वंशावळ मागे कुठवर काढता येईल? आणि लग्नानंतर मुलीला हे आडनाव लावावंच लागेल का?"

ताई, मी इथे डेन्मार्कमध्ये चर्चच्या जुन्या वह्यांवरून लोकांच्या वंशावळी काढून देते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांचं आडनाव येन्सन, हान्सन किंवा लार्सन यांपैकीच काहीतरी असतं, त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातलाच आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. आडनाव एक म्हणून एल अँड टीच्या लार्सनशी नातं धरू नका. डेन्मार्कमध्ये 'लार्सन' हे कुळाचं नाव नाही. दोन-अडीचशे वर्षांत कुठल्या तरी गावात लार्स नावाचा एक माणूस होता आणि त्याचं नाव एका विशिष्ट पिढीत मुलांना कायमचं चिकटलं, एवढंच त्यातून कळतं. असे लार्स प्रत्येक गावात होते.

लार्सन म्हणजे लार्सचा मुलगा. लार्स हे नाव लॅटिन 'लॉरेन्टियस'चं झिजून झिजून उरलेलं डॅनिश रूप. मूळ लॅटिन नावाचा अर्थ लॉरेन्टम गावचा, म्हणजे आपल्याकडच्या 'कर' लावलेल्या आडनावासारखाच. ते उत्तरेत पोचलं ते संत लॉरेन्समुळे. इसवी सन २५८ मध्ये रोममध्ये सम्राट व्हॅलेरियनच्या काळात या धर्मसेवकाला मारण्यात आलं. परंपरा सांगते की त्याला लोखंडी जाळीवर भाजलं, म्हणून चित्रांत त्याच्या हातात नेहमी ती जाळी असते. त्याचा सण १० ऑगस्टला. गोव्यात आगशीला जे संत लॉरेन्सचं चर्च आहे, ते याच संताचं.

डेन्मार्कमध्ये हे नाव इतकं का रुजलं, याचं मोठं कारण लुंडचं कॅथेड्रल असं मी मानते. लुंड आज स्वीडनमध्ये आहे, पण १६५८ पर्यंत तो सगळा स्कोने प्रांत डेन्मार्कचा होता. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला लुंडला आर्चबिशपचं पीठ मिळालं आणि साऱ्या उत्तर युरोपची चर्चव्यवस्था काही काळ तिथून चालली. त्या कॅथेड्रलचा आश्रयदाता संत होता लॉरेन्स. रोस्किल्डलाही त्याच्या नावाचं चर्च होतं. त्याचा मनोरा अजून चौकात उभा आहे. अशा संताचं नाव पोरांना ठेवणं ओघानं आलंच. १५३६ मध्ये डेन्मार्क ल्यूथरपंथी झाला, संतांची पूजा बंद पडली, पण घराघरातली नावं कुणी बदलली नाहीत.

एकाच लॉरेन्टियसची डेन्मार्कमध्ये इतकी रूपं झाली की नवख्या माणसाचा गोंधळ उडतो. झेलंड आणि आसपासच्या बेटांवर लार्स. जटलंडमध्ये, म्हणजे पश्चिमेकडच्या द्वीपकल्पावर, लाउरिड्स, लाउर्स, आणि त्यातही पश्चिमेकडे लाउस्ट. घरगुती हाक लासे. जर्मनीला लागून असलेल्या दक्षिण भागात लोरेन्त्स. त्यांवरून लार्सन, लाउरिड्सन, लाउरित्सन, लाउर्सन, लाउस्टसन, लासन, लोरेन्त्सन अशी आडनावं झाली. चर्चच्या वहीत एकाच माणसाच्या जन्माला 'लाउरिड्स', लग्नाला 'लाउर्स' आणि मृत्यूला 'लार्स' लिहिलेलं सर्रास सापडतं. पाद्री बदलला की रूप बदललं. म्हणून लार्सनचा शोध घेताना फक्त 'लार्सन' शोधणारा माणूस हमखास अडतो. ऑरहूस जटलंडमध्ये आहे. तुमच्या जावयांचे पूर्वज तिथलेच असतील, तर वह्यांत लाउर्स आणि लाउरिड्स यांच्यावर आधी नजर ठेवा. बेटांवरून ऑरहूसला आलेलं कुटुंब असेल तर गोष्ट निराळी.

शेजारच्या देशांतही हेच नाव आहे. नॉर्वेत लार्सन अगदी वरच्या पाच-सहा आडनावांत येतं. अंटार्क्टिकातला लार्सन हिमपट्टा, ज्याचा एक भाग २००२ मध्ये फुटून विखुरला, तो कार्ल आंतोन लार्सन या नॉर्वेजियन कप्तानाच्या नावाचा. स्वीडनमध्येही लार्सन पहिल्या दहांत आहे. देवनागरीत तिन्ही सारखीच दिसतात, पण रोमन लिपीत डॅनिश आणि नॉर्वेजियन आडनावात शेवटच्या व्यंजनाआधी 'ई' येतो, तर स्वीडिशात 'ओ', शिवाय 'एस' दोन. पासपोर्टवरचं स्पेलिंग बघितलं की देशाचा पहिला अंदाज येतो. आइसलंडमध्ये हेच नाव लाऊरुस झालं आणि तिथे आजही लाऊरुसचा मुलगा लाऊरुसॉन, मुलगी लाऊरुसदोत्तिर.

आइसलंडची ही रीत समजली की डेन्मार्कचं जुनं चित्र समजतं, कारण इथेही सामान्य माणसांत आडनाव नव्हतंच. होतं ते बापाचं नाव, आणि ते दर पिढीत बदलायचं. लार्सचा मुलगा पेडर, तो पेडर लार्सन. पेडरचा मुलगा हान्स, तो हान्स पेडरसन. मुलगी असेल तर मारेन लार्सदातर, म्हणजे लार्सची लेक. ती लग्नानंतरही लार्सदातरच राहायची. नवऱ्याचं नाव तिला लागत नसे. मृत्यूच्या नोंदीतही पुष्कळदा तीच ओळख. त्यामुळे जुन्या वहीत बायकोचं नाव नवऱ्याच्या 'आडनावा'खाली शोधणं व्यर्थ.

याला आणखी एक रिवाज जोडून होता. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, मुलींना तसंच आज्यांचं. बायको वारली आणि नवऱ्याने दुसरं लग्न केलं, तर त्या लग्नातल्या पहिल्या मुलीला आधीच्या बायकोचं नाव. हा रिवाज आमच्या धंद्यात कामाचा आहे, कारण मुलांच्या नावांवरून आजोबांचं नाव ओळखता येतं. पण त्याचा दुसरा परिणाम असा की एकाच शेतावर शंभर वर्षं लार्स पेडरसन, पेडर लार्सन, लार्स पेडरसन, पेडर लार्सन अशी पाळी चालू राहते. आजोबा आणि नातू अगदी एका नावाचे. वहीत 'लार्स पेडरसन, शेतकरी, मृत्यू' अशी नोंद दिसली की आधी वय बघायचं. नाहीतर नातवाला आजोबांच्या आधी पुरलं जातं.

ही पाळी जिथे थांबली, तिथे आडनाव ठरलं. थांबवली सरकारने. सरदार-उमरावांना पहिल्या फ्रेडरिक राजाने १५२६ मध्येच कायमचं कुलनाम घ्यायला लावलं होतं. म्हणून त्यांची नावं गुल्डनस्टिएर्न, रोझनक्रान्स अशी ढालीवरच्या चिन्हांवरून आली आणि त्यांत 'सन' नाही. दक्षिणेकडच्या श्लेस्विगमध्ये १७७१ मध्ये सर्वांसाठीच हुकूम निघाला. आजही जर्मनीच्या उत्तर टोकाला हान्सन, पेटरसन, येन्सन भरपूर सापडतात, ते या भागाच्या डॅनिश वारशामुळे. उरलेल्या देशाची पाळी ३० मे १८२८ च्या हुकुमाने आली. सहाव्या फ्रेडरिकचं राज्य होतं. हुकूम बाप्तिस्म्यासंबंधी होता: मुलाचं नाव लिहिताना पुढे कायमचं राहील असं घराण्याचं नावही त्याच वेळी लिहा.

खेड्यातल्या माणसाला याचा अर्थच कळेना. पाद्री विचारणार, "घराण्याचं नाव काय?" आणि समोर उभा पेडर लार्सन. त्याच्या बापाचं नाव लार्स, त्याचं पेडर. मग मुलाला पेडरसन लावायचं की लार्सन? कुठे पाद्रीने जुनीच रीत चालवून पेडरसन लिहिलं आणि तेच पुढे गोठलं. कुठे बापाचंच लार्सन मुलाला लावलं. एकाच घरात थोरल्या पोरांचं पेडरसन आणि धाकट्यांचं लार्सन, असंही मी पुष्कळ पाहिलं आहे. शहरांत कायमची नावं आधीपासून होती, खेड्यांत मात्र जुनी पद्धत आणखी एक-दोन पिढ्या रेंगाळली. १८५० च्या दशकात सरकारला पुन्हा बजावावं लागलं. मोठ्या भागात नाव गोठलं ते साधारण १८३० ते १८७० या चाळीस वर्षांत. मुलींचं 'दातर'ही याच काळात गेलं आणि त्याही लार्सन झाल्या, म्हणजे शब्दशः बघितलं तर लार्सचे मुलगे.

ताई, तुमच्या जावयांच्या कुटुंबाचं नाव पेडरसन न होता लार्सन झालं, ते त्या वर्षी पाळी कुणाच्या नावावर होती यावरून. शेजारच्या शेतावर सख्खा चुलतभाऊ राहत असेल आणि त्याच्या घरी पाळी वेगळी असेल, तर त्याचे वंशज आज पेडरसन आहेत. रक्ताचे नातेवाईक वेगळ्या आडनावाचे आणि एका आडनावाचे लोक एकमेकांचे कुणीच नाहीत, हे इथलं नेहमीचं आहे.

एल अँड टीच्या बाबतीतच बघा. हेनिंग हॉल्क-लार्सन १९०७ मध्ये कोपनहेगनला जन्मले. सोरेन क्रिस्टियन टुब्रो त्यांच्याहून एका वर्षाने मोठे. दोघेही एफ. एल. स्मिड्थ या सिमेंट कारखाने उभारणाऱ्या डॅनिश कंपनीतर्फे भारतात आले आणि १९३८ मध्ये मुंबईत त्यांनी भागीदारी सुरू केली. सुरुवातीचा धंदा डॅनिश दुग्धयंत्रं विकण्याचा होता. १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क ताब्यात घेतला, तिकडून माल येणं थांबलं आणि यांनी भारतातच दुरुस्ती-कारखाना काढला. हॉल्क-लार्सन २००३ मध्ये मुंबईतच वारले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. आता गंमत बघा. ज्या स्मिड्थ कंपनीने त्यांना पाठवलं, तिच्या तीन जुन्या भागीदारांतही एक लार्सन होते, पॉउल लार्सन. कारखान्यात, वर्गात, गल्लीत दोन लार्सन असणं डेन्मार्कमध्ये इतकं सवयीचं आहे की कुणी नातं विचारतही नाही.

आणि त्यांचं आडनाव नुसतं लार्सन नव्हतं, हॉल्क-लार्सन होतं. डॅनिश निर्देशिकेत मधे जोडरेघ असलेलं नाव पहिल्या अक्षराखाली लावतात, म्हणजे 'ह' मध्ये. इथल्या शिस्तीने पाटी लागली असती तर कंपनी हॉल्क-लार्सन अँड टुब्रो झाली असती आणि आपण सगळे तिला एच अँड टी म्हणत असतो. मुंबईच्या व्यवहारात मागचा तुकडा उरला. डॅनिश माणूस मात्र नेमका तोच तुकडा टाकून देतो, कारण त्याने काहीच ओळख पटत नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण राजकारणातलं आहे. १९९३ पासून डेन्मार्कला लागोपाठ तीन पंतप्रधान रासमुसन मिळाले: पॉउल न्युरुप रासमुसन, अँडर्स फॉग रासमुसन, लार्स ल्योके रासमुसन. तिघांचं एकमेकांशी काही नातं नाही. पहिले समाजवादी, नंतरचे दोघे उदारमतवादी पक्षाचे. वर्तमानपत्रं त्यांना न्युरुप, फॉग आणि ल्योके म्हणतात. रासमुसन म्हणून काय सांगणार, असल्या रासमुसनांची संख्या ८०-९० हजारांच्या घरात आहे. त्याच्या बऱ्याच आधीचे एक पंतप्रधान हान्स हेडटॉफ्टही जन्माने हान्सन होते. ते आडनाव त्यांनी सोडून दिलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५५ मध्ये पंतप्रधान झाले ते हान्स क्रिस्टियन हान्सन. न्युरुप, फॉग, ल्योके अशा मधल्या नावाला इथे कायद्यातच स्वतंत्र जागा आहे. बहुतेकदा ते आईच्या माहेरचं आडनाव असतं. मला विचाराल तर डॅनिश माणसाचं खरं आडनाव हेच. तुमच्या जावयांना मधलं नाव असेल तर शोध त्या नावापासून सुरू करा, लार्सनपासून नको. विरळ नावाचा माग पटकन लागतो.

आता आकडे. डेन्मार्कची लोकसंख्या सुमारे ६० लाख. त्यांत लार्सन सुमारे १ लाख १० हजार. म्हणजे दर शंभरात जवळपास दोघे. क्रमांक सातवा. वरचे सहा नील्सन, येन्सन, हान्सन, अँडरसन, पेडरसन आणि क्रिस्टनसन. खाली सोरेन्सन, रासमुसन, योर्गनसन. पहिली दहाच्या दहा 'सन'वाली, आणि या दहांतच देशाचा साधारण चौथा हिस्सा मावतो. 'सन' नसलेलं सगळ्यात मोठं आडनाव म्योलर, म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा, आणि ते थेट विसाव्या क्रमांकाच्या आसपास येतं. कोणत्या नावाची किती माणसं आहेत हे सरकारी सांख्यिकी कार्यालय दरवर्षी जाहीर करतं, आणि त्यांच्या संकेतस्थळावर नाव घातलं की आकडा मिळतो. इथे जनगणनेला दारोदार जावं लागत नाही, कारण १९६८ पासून प्रत्येक रहिवासी एकाच मध्यवर्ती नोंदवहीत आहे.

लार्सन दाट आहेत ते पूर्वेकडे, झेलंड आणि दक्षिणेच्या बेटांवर. रासमुसन फ्युन बेटाचे, सोरेन्सन जटलंडचे. हा ठसा अठराव्या शतकातल्या बाप्तिस्म्याच्या आवडीनिवडीचा आहे आणि रेल्वे, कारखाने, शहरीकरण सगळं होऊनही पुसलेला नाही. तरी नियम म्हणून धरू नका. बुद्धिबळातला सर्वांत मोठा डॅनिश खेळाडू बेंट लार्सन जटलंडच्या वायव्य टोकाला थिस्टेडजवळ जन्मला. १९७० मध्ये सोव्हिएत संघाविरुद्ध उर्वरित जगाच्या सामन्यात बॉबी फिशरला बाजूला सारून पहिल्या पटावर बसला तो हाच. गाद्या-उशांच्या युस्क या दुकानांच्या साखळीचे संस्थापकही जटलंडचेच आणि त्यांचं नाव होतं लार्स लार्सन. १९४८ चा जन्म. नाव वाचून त्यांचे वडील लार्स असावेत असं कुणालाही वाटेल, पण आडनावावरून तसं ठरवता येत नाही, तोवर ते गोठून कित्येक पिढ्या झाल्या होत्या.

हे आकडे दरवर्षी थोडे थोडे घटताहेत. फक्त लार्सनचे नाहीत, सगळ्या 'सन'वाल्यांचे. येन्सन कित्येक दशकं पहिलं होतं, ते गेल्या दशकात नील्सनने मागे टाकलं. त्यात नील्सन वाढले असं काही नाही, येन्सन जास्त वेगाने कमी झाले. घट नवी नाही, आणि तिला सरकारचाच हातभार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शहरांत येन्सन-हान्सनांची इतकी गर्दी झाली की टपाल, पोलीस, कर सगळ्यांनाच माणूस ओळखणं जड जाऊ लागलं. म्हणून १९०४ मध्ये कायदा झाला: थोडक्या शुल्कात आडनाव बदला. लोकांनी शेताचं, गावाचं, आजोळचं नाव घेतलं. नॉरगॉर, सोनरगॉर, लुंड, होल्म या नावांच्या संख्येत त्या पिढीने बरीच भर घातली. (शेताच्या नावावरून आलेली नावं मुळात जुनीच. तत्त्वज्ञ सोरेन किर्केगॉर यांचे वडील मिकेल पेडरसन किर्केगॉर पश्चिम जटलंडमधल्या सेडिंग गावचे. चर्चच्या मालकीच्या शेतावरून घराण्याला किर्केगॉर पडलं.) पुढे लग्नात नवराबायको दोघांच्या नावांतून विरळ असेल ते निवडू लागले, आणि 'सन' मागे पडत गेलं. बाहेरदेशांतून आलेल्या कुटुंबांची नावं वाढली, त्यामुळे टक्का आणखी उतरला.

अमेरिकेत गेलेल्यांचा थोडक्यात उल्लेख करते. १८५० ते १९२० दरम्यान जवळपास ३ लाख डॅनिश लोक तिकडे गेले. बरेच मध्य-पश्चिमेकडच्या शेतजमिनीवर. एक मोठा गट मात्र यूटाला गेला, कारण १८४९ च्या राज्यघटनेने डेन्मार्कमध्ये धर्मस्वातंत्र्य आलं आणि पुढच्याच वर्षी यूटात मुख्य ठाणं असलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे धर्मप्रचारक कोपनहेगनला उतरले. यूटात आजही लार्सन पुष्कळ. त्या पंथाला पूर्वजांच्या नोंदींचं धार्मिक महत्त्व असल्यामुळे डॅनिश चर्चवह्यांच्या मायक्रोफिल्म त्यांनी फार लवकर काढल्या. आम्ही आजही त्यांच्या कामावर जगतो. अमेरिकेत 'ओ'वालं स्पेलिंग जास्त दिसतं. त्यात स्वीडिश आणि नॉर्वेजियन दोन्ही मिसळले आहेत, म्हणून तिकडच्या स्पेलिंगवरून मूळ देश ठरवू नका.

वंशावळ कुठवर जाईल? सरळ शेतकरी घर असेल आणि वह्या जळलेल्या नसतील, तर १७०० च्या आसपास पोचणं शक्य असतं. चर्चने वह्या ठेवाव्यात असा हुकूम १६४५-४६ चा आहे, पण सगळ्या गावांच्या त्या काळच्या वह्या उरलेल्या नाहीत. पाद्रीच्या घराला आग लागली की वही गेली. १८१४ पासून प्रत्येक वहीच्या दोन प्रती आणि त्या दोन्ही रात्री एका छपराखाली ठेवायच्या नाहीत असा नियम आला. त्यानंतरच्या नोंदी त्यामुळे जवळपास पूर्ण आहेत. हे सगळं राष्ट्रीय अभिलेखागाराने फुकट इंटरनेटवर ठेवलं आहे. पुण्यात बसून वाचता येतं.

क्रम असा ठेवा. जावयांच्या पणजोबांचं जन्मगाव आणि जन्मतारीख घरच्यांना विचारा. नुसतं 'फ्युनचे होते' एवढ्याने भागत नाही, पॅरिशचं, म्हणजे त्या गावच्या चर्चच्या हद्दीचं, नाव हवं. तिथून जन्माची नोंद, तिच्यातून आईबाप, मग त्यांचं लग्न. मधे अडलात तर १८४५ ची जनगणना उघडा. प्रत्येकाचं जन्मस्थान पहिल्यांदा तिथे लिहिलं गेलं, आणि १८३४ किंवा १८४० च्या जनगणनेत जे समजत नाही ते इथे एका ओळीत समजतं. चर्चमधला प्रौढदीक्षेचा (कन्फर्मेशनचा) विधी १७३६ पासून सक्तीचा होता. त्या नोंदीत जन्मतारीख, आईबाप आणि १८१० नंतर देवीची लस कधी टोचली तेही असतं. पुरुषांसाठी तर सैन्यभरतीच्या याद्या म्हणजे खजिना. १७८९ पासून खेड्यातला प्रत्येक मुलगा जन्मताच त्या यादीत चढत असे आणि तो गाव बदलून कुठे गेला हेही त्यात लिहिलं जाई. एकाच पॅरिशमध्ये चार लार्स पेडरसन असतात तेव्हा त्यांना वेगळं काढायला याच याद्या उपयोगी पडतात. त्यामागे मालमत्तेच्या वाटणीची आणि खंडाच्या जमिनीची दप्तरं आहेत. तिथवर गेलात तर जाणकार गाठा.

दोन अडथळे आधीच सांगते. १८७५ च्या आधीचं लिखाण बहुतेक गॉथिक वळणाचं आहे आणि ते वाचायला काही आठवडे डोळे बसवावे लागतात. दुसरं, अठराव्या शतकातल्या वह्यांत तारखा नसतात, 'त्रैक्याच्या सणानंतरचा तिसरा रविवार' असं लिहिलेलं असतं. त्याची तारीख काढायची तर त्या वर्षीचा ईस्टर कधी होता ते बघावं लागतं. आणि डीएनए तपासणीने 'लार्सन कूळ' सापडेल या आशेवर पैसे घालवू नका. आडनाव पाच-सहा पिढ्यांचंच जुनं आहे, त्यामागे बापाच्या वंशात पेडरसनही आहेत, हान्सनही.

शेवटचा प्रश्न मुलीचा. नाव बदलायची सक्ती इथे नाही. १ एप्रिल २००६ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार ज्या आडनावाची माणसं २००० किंवा त्याहून कमी आहेत ते संरक्षित धरलं जातं आणि परक्याला सहसा घेता येत नाही. त्याहून जास्त असेल तर ते कुणालाही खुलं. लार्सन खुलंच आहे, ते घ्यायला लग्नही करावं लागत नाही. उलट तुमचं आडनाव, मग ते गोखले असो की शिंदे, इथे मोजक्याच लोकांचं असल्यामुळे संरक्षित ठरेल. जावयांना ते हवं असेल तर मुलीच्या संमतीने घेता येईल. अशी उलटी देवाणघेवाण इथे रोजची आहे आणि कुणी भुवया उंचावत नाही. नातवंडांना तुमचं आडनाव मधलं नाव म्हणून लावता येतं. माझा सल्ला तोच राहील, कारण शाळेत दोन-तीन लार्सन असणारच. बाळाचं नाव सहा महिन्यांच्या आत नोंदवायचं असतं. आडनाव कळवलं नाही तर त्याला आपोआप आईचं लागतं. ही नोंदणी ऑनलाइन होते, पण ती बघतं स्थानिक चर्चचं कार्यालय. कुटुंब हिंदू असलं तरी तेच, त्यात धर्माचा काही संबंध येत नाही. फक्त अगदी दक्षिण जटलंडमध्ये जन्मलेल्यांचं काम नगरपालिकेकडे आहे, कारण १८७४ मध्ये तो भाग जर्मनीकडे असताना तिथे सरकारी जन्मनोंद सुरू झाली आणि १९२० मध्ये परत आल्यावरही ती तशीच ठेवली.

एक पर्याय तुमच्या कानावर घालून ठेवते. याच कायद्याने बापाच्या किंवा आईच्या नावावरून आडनाव घेण्याची जुनी रीतही पुन्हा खुली केली आहे. उदाहरणार्थ मुलीचं नाव मीरा असेल तर नातीला मीरादातर लावता येईल. फार थोडे लोक असं करतात, पण करतात. सासरच्यांशी बोलताना आधी त्यांचं मधलं नाव काय आणि पणजोबा कुठल्या पॅरिशचे, एवढं विचारून घ्या. पॅरिशचं नाव हाती आलं की मला कळवा, त्या गावाच्या वह्या कुठल्या सालापासून उरल्या आहेत ते लगेच बघून सांगते.